गावातले सगळे वकील माझे

३ मार्च
नोरीनने घटस्फोटाचं काढलं. काढू दे. हिला साधा टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नाही, ही काय कोर्टात लढणार? मी मात्र सावध. सगळं कायद्यात राहून, पण बोट, शेड आणि मॅग्स यांतलं काही तिला मिळता कामा नये. बोट गेली तरी एक वेळ चालेल. मॅग्स नाही. ती माझी कुत्री. समुद्रात निघालो की नाकासमोर बघत पुढे बसते. घरात अक्कल असलेली दुसरी तीच.

५ मार्च
शेजारच्या क्लिफकडून, म्हणजे चुकूनच, कामाची गोष्ट कळली. नवऱ्याची बाजू ऐकलेल्या वकिलाला बायकोची केस घेता येत नाही. आमच्या पोर्ट पिरी गावात वकील चार. चौघांनाही गाठायचं. पहिली भेट फुकट. नोरीन बसेल बोंबलत.

९ मार्च
पहिला वकील. टकला, मख्ख. विचारतो, कुत्रीचं खाणंपिणं कोण बघतं? म्हटलं, असली किरकोळ कामं नोरीन करते. त्याने लिहून घेतलं. छाप पडली.

१२ मार्च
आणखी दोघे उरकले. तिसऱ्याने विचारलं, तुम्हाला वकील हवाय की नुसतं बायकोला अडवायचंय? म्हटलं, अडवायचंय. लपवायचं काय त्यात.

१३ मार्च
चौथी, मिस टॅन. ऑफिस फिश-अँड-चिप्सच्या दुकानावर. खालूनच पाहिली. पोरगी स्कूटरवर येते. हिच्याकडे कुत्रंही जाणार नाही. वर चढलोच नाही. चिप्स घेतले. निम्मे मॅग्सने खाल्ले.

२ एप्रिल
नोरीनने मिस टॅनला वकील केलं. क्लिफ म्हणतो, "येड्या, तिला शोधावंसुद्धा लागलं नाही. एकच शिल्लक ठेवलीस." क्लिफशी बोलणं बंद.

६ एप्रिल
तिघांपैकी कुणी माझी केस घेईना. तिसरा म्हणाला, "तुम्ही आम्हाला नुसतं अडकवून ठेवायला आला होतात." हलकट लेकाचे. बाहेरगावी कोण हेलपाटे घालणार? स्वतःच लढेन. वकील बावळटांना लागतो.

१८ जून
तडजोडीची बैठक. नोरीनला बोट नको, शेड नको. मनात हसलो. मग म्हणाली, फक्त मॅग्स.
मी ठणकावलं, ती माझ्याबरोबर बोटीवर येते, माझीच आहे. मिस टॅनने शांतपणे विचारलं, परत आल्यावर तिला कुठली गोळी देता?
म्हटलं, कसली गोळी?
नोरीन म्हणाली, "डेस, तिला बोट लागते रे. म्हणून ती पुढे जाऊन बसते. घरी आली की संध्याकाळभर ओकते. तू तेव्हा टीव्ही बघत असतोस."
कोर्टात गेलो असतो तर जिंकलो असतो. पण सही केली. दया आली म्हणून.

२२ जून, दुपार
हवा छान. एकटाच बोट घेऊन गेलो. मासे नाहीत. लवकर परतलो.
धक्क्यावर नोरीन मॅग्सला फिरवत होती. मी बोटीतूनच हाक मारली. मॅग्सने शेपटी हलवली, दोन पावलं पुढेही आली. मग तिला बोट दिसली. ती वळली आणि नोरीनच्या पायांमागे जाऊन बसली.