कुकरचं रबर अन् डिक्कीतला खुळखुळा

साक्षीचे बाबा,

प्लगच्या वायरी उलट्यासुलट्या लावल्या तुमी, अन् शिव्या देऊन राह्यले गाडीले! बॅकफायर होऊन तुमच्या त्या जुन्या स्पोर्ट्स कारचा हवेचा पाइप फाटला, तं त्याले गुंडाळाले माह्या कुकरचं रबर कायले कापलं? आता वरण कशात शिजवू? भाकरी टोपल्यात हायेत, ठेच्यासंगं खा.

‘गाडी सुदरली की पोरीकडे जाऊ’ म्हणता म्हणता साक्षीचं लेकरू रांगाले लागलं. तिच्या लग्नाच्या दिवशीबी तुमची गाडीच बिघडली होती. मी चालली तिच्याकडे मानोऱ्याले. तुमी लेकरासाठी डिक्कीत लपवलेला खुळखुळा मी नेला नाही. तो तुमीच घेऊन या. बसनं.

वच्छला