दारावरचा आकडा

३ ऑक्टोबर

बोट अकराच्या सुमारास धक्क्याला लागली. साडेचार तासांच्या प्रवासात मला एकदाही उलटी झाली नाही, याचं बोटवाल्या काकांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक. कचेरीत बसणाऱ्या माणसाचं पोट इतकं टिकलेलं पहिल्यांदाच बघतोय, म्हणाले. ऊन छान पडलं होतं. कित्येक महिन्यांनी भूक लागली.

घर हिचं. हिच्या मामांनी हिच्या नावावर केलेलं. मी पाणीपुरवठा कचेरीत नकाशे काढत होतो तेव्हापासून आमचं ठरलेलं, निवृत्त झालो की बेटावर जाऊन राहायचं. मी मार्चमध्ये निवृत्त झालो. ही फेब्रुवारीत गेली. आता छत दुरुस्त करायचं, मामांचं सामान आवरायचं आणि घर कोणाला तरी देऊन टाकायचं. बोट पंधरवड्यातून एकदा येते, म्हणजे सतराला आणि मग एकतीसला. लेकीचे दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात. जावई जहाजावर, तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. एकतीसची बोट चुकवणार नाही, असं तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं आहे.

धक्क्यावर एकच खोली आहे. बंदराची कचेरी, पोस्ट आणि बेटावरचा एकमेव फोन, सगळं तिथेच. तिथल्या बाईंना सगळे खडूताई म्हणतात. जाड काचांचा चष्मा, आणि बोटं पांढरी. त्यांनी नाव विचारलं, घर कोणतं ते विचारलं, घरात माणसं किती ते विचारलं. मी उत्तरं दिली आणि सामान उचललं.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समुद्राकडे खिडकी. छताची तीन कौलं फुटली आहेत, बाकी काही नाही. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर हातभर काळा चौकोन रंगवलेला आहे. संध्याकाळी तिथे खडूनं ठळक लिहिलेलं दिसलं: २.

तेव्हा लक्षात आलं. घरात माणसं किती म्हटल्यावर मी "दोघं" म्हणालो होतो. लेक लग्न होऊन गेल्यापासून माझं हेच उत्तर. जीभच तशी वळलेली.

४ ऑक्टोबर

चूक दुरुस्त करायला गेलो. खडूताईंनी चहा दिला, आकडा मात्र बदलून दिला नाही.

कारण सांगितलं, ते पटण्यासारखं आहे. पूर्वी एका वादळात एका घरावर चार लिहिलेलं होतं आणि सापडले तिघं. चौथ्याला शोधायला पाच जण परत वादळात गेले, ते आलेच नाहीत. चौथा महिन्याभरापूर्वीच बेट सोडून गेला होता, आकडा तेवढा कोणी पुसला नव्हता. तेव्हापासून खडूताई रोज सकाळी एकेचाळीस दारांवरचे आकडे स्वतः गिरवतात. आकडा तोंडी सांगून वाढतो. कमी व्हायचा तर माणूस बोटीत बसून जावा लागतो, किंवा बेट सोडून गेलेल्या माणसानं पलीकडच्या किनाऱ्यावरून सहीनिशी लिहून पाठवावं लागतं. इथं बसून दिलेला अर्ज चालत नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, आधी चालायचा, पण भांडण झालं की बायका येऊन नवऱ्याचा आकडा पुसून घ्यायच्या.

मी म्हटलं, पण माझ्या घरात दुसरं माणूसच नाही. आकडा चुकला आहे.

त्या बोटांवरचा खडू पुसत म्हणाल्या, "इथं आकडा चुकत नाही हो. एखादं माणूस उशिरा येतं, एवढंच."

बेटावरचा विनोद असावा. घरी येऊन अर्ज लिहून ठेवला: माझ्या घरात माझ्याशिवाय कोणीही नव्हते. बोलण्यात चूक झाली. तरी आकडा पुसून टाकावा. खाली सही केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पलीकडे उतरलो की लगेच टाकीन.

७ ऑक्टोबर

पाणी माणशी एक बादली. टाकीवाला माझ्या दारात रोज दोन ठेवतो. दारावर दोन आहे म्हटल्यावर त्याला काय करायचंय. दोघांचं पाणी एकटे पिताय, कल्ले फुटतील, म्हणाला. पाववालीही दोघांचा पाव देते. मी नको म्हणालो तर म्हणाली, राहू द्या, येणाऱ्याला होईल.

दोन कौलं बसवली. गुडघा दुखतो आहे. संध्याकाळी फार थकायला होतं. त्या थकव्यात बरं वाटतं, विचार करावा लागत नाही.

१० ऑक्टोबर

एक बादली मी वापरतो. दुसरी तशीच भरलेली असते. आज दुपारी ती अर्धी झालेली होती. बादली गळत नाही, मी तपासलं. खालची फरशी कोरडी होती.

ओट्यावर दोन कप उपडे होते. मी एकच धुतला होता.

१३ ऑक्टोबर

लिहू की नको असं झालं आहे. भीती वाटत नाही. उलट.

पलीकडच्या खोलीत कोणीतरी आहे. दुपारी मी छतावरून उतरलो की खुर्ची कुरकुरते, मग थांबते. आम्ही दोघं घरात असेच असायचो, ही तिकडे, मी इकडे, तासन्‌तास न बोलता. बहीण म्हणायची, तुमच्या घरात भिंतीच जास्त बोलतात.

आज हिची शाल त्या खुर्चीवर ठेवली आणि छताचं काम कुठवर आलं ते मोठ्यानं सांगितलं. हाक मात्र मारली नाही. एकटे असताना हिला हाक मारायचं माझं एक नाव होतं. लेकीनं लहानपणी एकदा ते चोरून ऐकलं आणि आठवडाभर हसत होती. ते तोंडातून निघालं नाही. ऐकून घेणारं कोणी आहे, एवढं पुरलं.

१७ ऑक्टोबर

बोट आली. काम जवळजवळ संपलंय, जायला हरकत नव्हती. बॅग घेऊन धक्क्यापर्यंत गेलोही. काकांनी हात पुढे केला. मागे वळून घराकडे पाहिलं तर खिडकी मी लावली होती, ती उघडी.

काकांना म्हटलं, पुढच्या खेपेला. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, पण एकतीसनंतर वारा फिरतो, चौदा नोव्हेंबरचा भरवसा धरू नका.

लेकीला फोन केला. एकतीसला नक्की, म्हणालो. ती म्हणाली, बाबा, आईसारखं करू नका, नक्की म्हणायचं आणि यायचं नाही.

२१ ऑक्टोबर

दुपारी पडलो होतो. डोळा लागता लागता माझ्या पाठीमागे पलंग खचला. मी वळलो नाही. वळलो की जाईल असं वाटलं.

पण ही डाव्या बाजूला झोपायची, भिंतीकडे. बाजू मी बदलू दिली नाही कधी, त्यावरून भांडलोही आहोत. आज मी सवयीनं उजवीकडे होतो आणि जे होतं ते माझ्या मागे, आणखी उजवीकडे, कडेला. ज्याला जागा माहीत नाही, त्यानं बसावं तसं.

मग खोकला ऐकू आला. घसा खाकरून दोनदा, मधे थांबून. तो खोकला हिचा नाही. माझा आहे.

२३ ऑक्टोबर

दुकानात तेल आणायला गेलो. दुकानदार हसला. म्हातारपणी असंच होतं, म्हणाला, आत्ताच तर घेऊन गेलात. मी म्हटलं, मी घरून येतोय. तो म्हणाला, मग तुमचे भाऊ असतील. चेहऱ्यावरून वाटलंच.

घरी तेलाची बाटली ओट्यावर होती. भरलेली.

२५ ऑक्टोबर

चालणं ऐकतो आहे. उजवा पाय, मग डावा जरा ओढत. माझा डावा गुडघा.

मी कसा इतका मूर्ख. दोघं म्हणालो, पण दुसरं कोण ते सांगितलंच नाही. जे आलं त्याला या घरात बघायला, शिकायला मी एकटाच होतो. ही नव्हतीच. एकदाही नव्हती. शाल मी कोणाला दिली—

उचलायला गेलो. खुर्चीवर नाही.

२८ ऑक्टोबर

चढावर पुढे चालला होता. माझी टोपी. मी थांबलो, तो थांबला. वळला नाही. मान अर्धी वळवून ऐकत राहिला, मी ऐकतो तसा.

तीन दिवस उरले. बॅग भरून दाराशी. झोप नाही. घरातल्या घरात मी त्याच्यासाठी जागा सोडतो आहे, दारातून जाताना अंग चोरतो. कंटाळा आला आहे भीतीचाही. फक्त लेकीपाशी पोचायचं.

३१ ऑक्टोबर

कोट सापडेना. सकाळी खुंटीवर होता. दोन्ही खोल्या पालथ्या घातल्या, तिकीट त्यात. बॅग—बॅगही नाही.

भोंगा ऐकला. धावलो. गुडघा—

बोट वळली होती. मागच्या बाजूला माझा कोट. त्यानं हात केला. मी करतो तसा, छातीपाशी, अर्धाच.

१ नोव्हेंबर

सकाळी खडूताई आल्या. २ पुसला, १ लिहिला. नीट, गिरवून.

मी सांगितलं, गेला तो मी नाही. मी इथे आहे. त्यांनी चष्म्यातून पाहिलं, दया असावी. म्हणाल्या, ज्यांचं नाव लिहिलं होतं ते कालच्या बोटीनं गेले, सही करून गेले. तुम्ही दुसरे. तुमचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं.

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ते तर गेलेल्यांचं.

पुढच्या बोटीचं तिकीट मागितलं. नावाशिवाय तिकीट नाही.

आज पाण्याची एकच बादली.

८ नोव्हेंबर

वाऱ्यानं आठवडाभर बंद असलेला फोन आज लागला. लेकीनंच उचलला. आवाज दमलेला, पण आनंदी. मुलगी झाली. पाच तारखेला. मी भिंतीला टेकलो. मी म्हटलं, बाळा, मी बोलतोय. तिनं विचारलं, मी म्हणजे कोण.

मी म्हटलं, बाबा.

ती हसली. मग हसायची थांबली. मागे कोणीतरी खाकरलं. दोनदा, मधे थांबून.

ती हळूच म्हणाली, "बाबा विचारताहेत, फोनवर कोण आहे. काय सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. फोन बंद पडला. पुन्हा लागत नाही.

११ नोव्हेंबर

पाववालीनं पाव ठेवला, माझ्याकडे न बघता. टाकीवाला बोलत नाही. बादली जड लागते. कप हातातून दोनदा सुटला.

१४ नोव्हेंबर

बोट आली. वारा असूनही आली.

खडूताई दारात आल्या, हातात पाकीट. पलीकडून आलेलं. माझ्या घरात माझ्याशिवाय कोणीही नव्हते. बोलण्यात चूक झाली. तरी आकडा पुसून टाकावा.

कोटाच्या खिशातलं. घडी तीच.

त्यांनी विचारलं, अक्षर ओळखता का. सही मालकांचीच ना.

मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं. पण अक्षर माझंच होतं.

मग बरं, म्हणाल्या. फडकं बादलीत बुडवलं. माझी बादली.

आतून लिहितो आहे, टेबलाशी. बोट तासभर थांबते. ही वही काकांच्या हातात द्यायची, लेकीचा पत्ता पहिल्या पानावर आहे. चालता येईल का, माहीत नाही. पाय—खाली बघत नाही.

बाहेर फडक्याचा आवाज. दोन आठवडे रोज गिरवलेला खडू, लवकर निघत नाही. जोर लावताहेत. आकड्याचं वरचं वेटोळं गेलं असेल. मग शेपूट.

बाळा, आत्ता सुचलं. फोनवर सुचायला हवं होतं. त्याला विचार, आईला मी काय हाक मारायचो. तू ऐकलं होतंस, हसली होतीस. त्याला माहीत नाही. तो बाकी सगळं शिकला, पण ते मी या घरात एकदाही उच्चारलं नाही. तुला आठवत नसेल तर इथे लिहितो. नंतर मुलीला तेच नाव ठेव. मी हिला म्हणाय