डबीतला कापूस

भावा संघर्ष,
जयभीम.

तू जाऊन तीन महिने झाले. हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक न्हाई, पण तुला सांगितल्याबिगर राहवत न्हाई.

नारायणगावच्या दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क व्हता. डॉक्टरांनी मला विचारलं, "आधीचा काही आजार? कुठल्या गोळ्या चालू आहेत?" शेजारी नर्स उभी व्हती, आपल्या पिंपरी पेंढार गावचीच, पारूबाईची सून. मी म्हणाले, "लहानपणापासून दमा हाय."

तुझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी तवा माझ्याच पर्समधी व्हती. महिनाच झाला व्हता सुरू करून. जीपमधी खडखड ऐकून कुणी विचारू नये म्हणून तू आत कापूस कोंबला व्हतास.

तू हात वर केलास. मला वाटलं, "ताई, सांगू नको" म्हणतोस. मी तो धरून खाली दाबला.

चार दिवस दम्याचेच उपचार झाले. पाचव्या दिवशी रक्त तपासून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हा न्यूमोनिया वेगळा आहे, त्याचं औषधही वेगळं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

तू मास्क काढून बोलाया बघत व्हतास का रे? तुझ्या हाताचा जोर अजून माझ्या तळव्यात हाय.

परवा शेजारची साळुबाई म्हणाली, "दम्यानं नेलं पोराला." मी "व्हय" म्हणाले.

डबीतला कापूस मात्र काढलाय. जीपमधी बसले की पर्स मुद्दाम हलवते. लई खडखडतं. कुणीच विचारत न्हाई.

तुझी,
रत्नाताई