फक्कीची रेघ

डोळखांब, सकाळ

प्रिय ताई,

अक्षर बघूनच ओळखलं असशील आणि कागद बाजूला ठेवायच्या बेतात असशील. ठेवू नकोस. घाईत लिहितोय, म्हणून ते आणखीच वाईट आलंय. नाक्यावरच्या टपरीत बसलोय. चहा समोर निवून गेला. माझा फोन आतल्या पाड्यावरच्या लोकांनी ठेवून घेतलाय आणि तुझा नंबर तोंडपाठ नाही, म्हणून हे पत्र. मंगळूचा दुधाचा टेम्पो वाशिंदला निघालाय, तो तुझ्या हातात देईल. मला दुपारच्या आत पाड्यावर परत जायचंय. तिथे नरेंद्रकाकांना शाळेच्या ओट्यावर बसवून ठेवलंय. मी ओळखीचा माणूस घेऊन येईपर्यंत सोडणार नाहीत.

काका तुला माहीत नाहीत. मुरबाडला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. गोव्याहून परत येताना (गोव्यात बोटीवर होतो, त्याआधी नाशिकला द्राक्षांत, ते सगळं कधीतरी सांगेन) चार्जर दुरुस्त करायला गेलो आणि तिथेच राहिलो. त्यांना हॅम रेडिओचा नाद, रीतसर परवाना आहे. एकदा थंडीतल्या सकाळी त्यांना लहानशा सेटवर थेट गुजरातेतल्या वेरावळचा माणूस ऐकू आला. एरवी त्या सेटवर शहापूरचा ऐकायचा तर मारामार. काका म्हणतात, थंडीत गार हवा खाली बसते आणि गरम हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. त्या झाकणाखालून रेडिओच्या लहरी लांब लांब जातात. झाकण कधी बसतं, किती उंचावर, तेच शोधायचं. त्यासाठी आम्ही मशीन केलं. मांडववाल्याचे लाउडस्पीकरचे जुने दोन पोंगे आकाशाकडे तोंड करून लावले आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यांचा रडार केला. पोंगा टूंऽ करतो, आवाज वर चढतो आणि रडार त्या आवाजाच्या मागे लागतो. गरम हवेत आवाज जास्त जोरात पळतो, त्यावरून वरची हवा कळते. मला आधी हसूच आलं, आवाज काय दिसतो? पण मशीनच्या पडद्यावरची रेघ वाकली आणि अंगावर काटा आला. बारावी अर्धी सोडलेल्या माणसाला असलं काही दिसावं, ताई! मी नुसता बघत बसलो.

भरकटलो बघ. तर मुरबाडात गाड्यांचा गोंगाट, म्हणून काल रात्री डोळखांबच्या आतल्या खोऱ्यात आलो. भात काढून झालेलं, खाचर रिकामं, म्हणून कुणाला विचारलं नाही. पोंगे आणि रडार एका ओळीत लागतात, तर मी पांढरी फक्की घेऊन सरळ रेघ मारली, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. टोकांना फुल्या केल्या. मला वाटलं, काय छान काम झालं.

उजाडता उजाडता धोंडाबाई आली, मागोमाग पाड्यावरचे लोक. शेत तिचं. म्हणाली, "ही रेघ कुनी मारली रे? काय मोजताय?" काकांच्या कानाला हेडफोन. मी म्हटलं, हवा मोजतोय. मागून कुणीतरी बोललं, "तुज्या घरी हवा नाय काय, आमच्या खाचरात मोजाया आलास?" लोक हसले, मीही हसलो. तेवढ्यात काका उठले आणि सगळ्यांना धीर द्यावा म्हणून खिशातून परवाना काढून म्हणाले, "घाबरू नका, हे बघा, सरकारचा शिक्का आहे."

हसणं तिथेच थांबलं. त्या खोऱ्यात फक्कीची रेघ आणि शिक्क्याचा कागद बरोबर आले की मागून धरणाला नाहीतर रस्त्याला जमीन जाते, हे तुला मी काय सांगू. धाऊ म्हणून एक आहे, त्याच्या हातात गवत कापायचा कोयता होता. त्याने पोंग्याची वायर एका घावात तोडली आणि काकांकडे वळला. ताई, मी बोटीवर वादळ बघितलंय. तिथे इतका घाबरलो नव्हतो. तिथे आरडाओरडा होता, इथे कुणी ओरडत नव्हतं. काकांना शुगर आहे, सकाळपासून पोटात काही नाही, आणि म्हातारा हट्टी, म्हणतो मशीन घेतल्याशिवाय पाड्यावरून हलणार नाही.

मी पोलीस बोलवा म्हटलं तर लोक जास्तच बिथरले. धोंडाबाईने सगळ्यांना मागे सारलं आणि मला म्हणाली, "कागद नको. कागद लय बघितले. आमी वळखतो असा मानूस आन." माझी बहीण म्हणून मी तुझं नाव घेतलं. "दर्शना सिस्टर? पोरांना सुई देते ती?" सगळ्यांचे चेहरे निवळले. धाऊने कोयतासुद्धा खाली घेतला. मग धोंडाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "पन तिला भाऊ नाय. मी इचारलं व्हतं, तीच बोलली तशी." कोयता परत वर गेला. शेवटी धोंडाबाईच बोलली, दुपारच्या आत तिलाच घेऊन ये, आणि मला एकट्याला सोडलं.

का बोललीस ते विचारत नाही. टपरीबाहेर आटगाव स्टेशनची रिक्षा उभी आहे, एक सीट रिकामी. तीनदा उठलो आणि परत बसलो. गेलो तर सगळे म्हणतील चोर होता, आणि काका तिथेच. म्हणून पाड्यावर चाललोय, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. पण ये, ताई. मशीनचं काही समजावू नकोस, तुला जमणार नाही, मलाच धड जमत नाही. शाळेच्या ओट्यापाशी येऊन एवढंच सांग की तुला भाऊ आहे आणि तो हा. बाकी ते ऐकून घेतील. आणि हे तोंडातून निघत नसेल, तर काही न बोलता नुसती माझ्या शेजारी उभी राहा.

तुझाच भाऊ,
दीपेश