नदीपलीकडचा एक तास

आई, हे तुला लिहिते आहे, आणि तुझ्यासारख्या त्या सगळ्या जणींना, ज्या हातात पदवी असून नवऱ्याच्या व्हिसावर, त्याच्यावर अवलंबून अशी नोंद होऊन, या देशात उतरल्या. आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. नवऱ्याला नोकरी कुठे मिळाली त्यावर आपलं गाव ठरलं, आणि त्या गावात तू काय करशील हे कुणी विचारलंच नाही. मिरजेच्या हॉस्पिटलात सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई अलाबामातल्या एका कापडगिरणीच्या गावात आली आणि गिरणीतल्या इंजिनिअरचा डबा भरू लागली. हे मी वीसेक वर्षं व्यासपीठांवरून सांगते आहे आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. मागे घ्यायचंय ते दुसरंच काही आहे. त्यासाठी एका गुरुवारपर्यंत जावं लागेल.

मी तेरा वर्षांची आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेट्रोल पंपावरून आणलेला नकाशा पसरलाय, त्याच्या एका कोपऱ्यावर पिठाचा डबा आणि दुसऱ्यावर तुझं कोपर. आपल्या गावापासून सेहेचाळीस मैलांवर, नदी ओलांडली की जॉर्जियात, आपल्याएवढंच एक गाव होतं. तिथल्या छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा निघाली होती. जाहिरातीचं कात्रण तू तीन दिवस मिसळणाच्या डब्याखाली ठेवलंस आणि चौथ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर फोन केलास. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. फोनवर तुझं इंग्रजी नेहमी अडखळायचं, पण रक्ताच्या काचपट्ट्या, त्या रंगवायची पद्धत, असं बोलणं निघालं तसा तुझा आवाज सरळ झाला. असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. फोन ठेवून तू ओट्याला टेकलीस. "गुरुवारी सकाळी दहा म्हणाली बाई. आता जायचं कसं ते तू बघ. तुला नकाशा कळतो."

तुला गाडीचं लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. तेवढ्यात तू फक्त शाळा, वाणसामानाचं दुकान आणि परत घर एवढंच चालवलं होतंस. बाबांना रात्री जेवताना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला घास तसाच धरला.

"सेहेचाळीस मैल? अगं, तू अजून चर्चपाशी डावीकडे वळताना देवाचं नाव घेतेस."

"घेते. पण वळते ना?"

बाबा हसले. नाही म्हणाले नाहीत, हेही मला आज लिहून ठेवायचंय. त्यांनी गुरुवारी गिरणीतल्या एका माणसाच्या गाडीतून जायचं ठरवलं, बुधवारी टायरमधली हवा बघितली, रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि बजावलं, "लाकडाच्या ट्रकच्या मागे मुकाट्याने राहायचं. ओव्हरटेक नाही. आणि चारच्या आत गाडी दारात पाहिजे, मला परत गिरणीत जायचंय." मग माझ्याकडे वळून, "काय कलेक्टरबाई, झाला का प्लॅन?"

प्लॅन झाला होता आणि मला त्याचा केवढा गर्व होता! वहीचा आडवा कागद, त्यावर पट्टीने रकाने. सव्वाआठला निघायचं. तुला डावीकडच्या वळणांची भीती, इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा डावीकडे वळताना समोरून येणारी गाडी कधी सोडायची ते कळायचं नाही, म्हणून मी सात डाव्या वळणांची तीन केली. त्यासाठी दोन मैल वाढले तरी चालतील असं ठरवलं. कुठे थांबायचं, पूल किती वाजता लागेल, हॉस्पिटलच्या आवारात किती वाजता शिरायचं, सगळं लिहिलं. पावणेदहाला आत. पंधरा मिनिटं हाताशी. ज्या देशातून आपण आलो तिथे भुजला जितके वाजतात तितकेच गुवाहाटीला वाजतात. विमानातून समुद्र ओलांडताना घड्याळ बदलतं हे आपल्या तिघांनाही माहीत होतं, पण दीड तासाच्या रस्त्यावरच्या पुलाखालून, तांबूस पाण्याची एक नदी वाहते तेवढ्याने, एक तास निघून जातो हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आपल्या तिघांच्या, असं मी म्हणते. पण मला ते सांगितलं गेलं होतं. बुधवारी दुपारी शेजारच्या आजी, त्या शाळेच्या जेवणघरातून निवृत्त झालेल्या, तारेच्या कुंपणापाशी टोमॅटोची रोपं लावत होत्या. मी त्यांना फुशारकीने सगळं सांगितलं. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिकडे घड्याळ एक तास पुढे असतं हं, बाळ." त्याआधीच्याच रविवारी उन्हाळ्याची वेळ सुरू झाली होती आणि गावभर घड्याळं एक तास पुढे केली होती. मला वाटलं, आजींना तेच म्हणायचंय, बिचाऱ्यांचं वय झालं. "यस मॅम, आम्ही रविवारीच पुढे केलं," मी म्हणाले. त्या आणखी काही बोलणार तेवढ्यात घरात त्यांचा फोन वाजला आणि त्या हात झटकत आत गेल्या. मी घरी येऊन तुला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

गुरुवारी माझ्या शाळेला सुट्टी होती. तू स्वतः कागदी पॅटर्नवरून शिवलेला निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज घातला होतास, कपाळावर बारीकशी टिकली. गाडीत तू स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं होतंस की बोटांची पेरं पांढरी पडली होती. दोन्हीकडे पाइनची झाडं, पुढे लाकडाचा ट्रक, त्याच्या मागे आपण, बाबांचा हुकूम तंतोतंत पाळत. पहिलं डावं वळण झालं तेव्हा तू देवाचं नाव घेतलंस. दुसऱ्याला विसरलीस. तिसऱ्यानंतर तू चक्क गुणगुणायला लागलीस आणि म्हणालीस, "काय गं, रोज यायचं म्हटलं तर जमेल की!" मी कागदावर खूण करत होते. आपण माझ्या हिशेबापेक्षा चार मिनिटं लवकर होतो. पुलावरून जाताना तू खिडकीची काच खाली केलीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुढे कधी पाहिलं नाही.

हॉस्पिटलच्या दारातल्या भिंतीवरच्या घड्याळात पावणे अकरा वाजायला चार मिनिटं कमी होती.

लॅबची प्रमुख स्वतः बाहेर आली. उंच, पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "मी सव्वादहापर्यंत थांबले होते," ती म्हणाली. "तुमच्या घरी दोनदा फोन केला. सव्वादहाला बोलावलेली मुलगी वेळेवर आली, चांगली वाटली, तिला मी शब्द देऊन बसले." तू भिंतीकडे पाहिलंस, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. एवढ्या वेळात तुला सगळं कळलं होतं. तू त्या बाईला म्हणालीस, "माय मिस्टेक. आय फरगॉट द टाइम."

"अहो, या नदीने इथल्या माणसांचीसुद्धा लग्नं चुकवली आहेत," ती म्हणाली. आणि मग, तिला काही गरज नव्हती, तिने आपल्याला आत नेलं. शिकवायच्या काचपट्ट्यांची एक जुनी पेटी काढली, एक पट्टी लावली आणि खुर्ची तुझ्याकडे सरकवली. तू बसलीस. स्टीअरिंग आवळून धरणारे तुझे हात तिथे असे फिरले की जणू ते यंत्र तुझ्याच घरातलं होतं. "मलेरिया," तू म्हणालीस. "फाल्सिपेरम. ही बघा, चंद्रकोरीसारखी दिसतेय ना? ही नजरेतून सुटू द्यायची नाही." त्या बाईने वाकून पाहिलं आणि बराच वेळ वर मानच केली नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही दहाला का नाही हो आलात?" तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो एका नोकरी देणाऱ्या बाईचा नव्हता. आपलं काम जाणणारं माणूस दाराशी येऊन परत चालल्याचं दुःख त्यात होतं.

परतताना आपण पुलाअलीकडे एका झाडाखाली गाडी थांबवून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मी रडत होते. शेजारच्या आजींचं मी तिथे तुला सांगितलं. तू मला रागावली नाहीस. लोणच्याची फोड माझ्या पुरीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "बाबांना वेळेचं सांगू नकोस. ते तुला वर्षभर चिडवतील. जागा भरली होती म्हणून सांगू. खोटं नाही ते." चारच्या आत गाडी दारात होती. बाबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तुझ्या वतीने त्यांना संताप आला. "भरली होती? मग बोलावलं कशाला? तोंड बघून भरली असणार. आपली माणसं नकोच असतात यांना." असं म्हणायला त्यांना कारणं होती. गिरणीत, पंपावर, न्हाव्याच्या दुकानात त्यांनी काय काय ऐकून घेतलं होतं ते आपल्याला ठाऊक होतं. तू ओट्याकडे तोंड करून कुकरची शिटी बसवलीस. मी माझा कागद घडी करून खिशात घातला. त्या दिवशी आपल्या घरात कुणी त्या उंच बाईची बाजू घेतली नाही.

त्यानंतर तू अर्ज केला नाहीस. पुढे आपण न्यू जर्सीत पार्सिपनीला आलो, तू एका औषधाच्या दुकानात मागच्या काउंटरवर बसलीस, लोकांना गोड बोलून गोळ्या दिल्यास. सूक्ष्मदर्शकाला तू पुन्हा डोळा लावला नाहीस. तू असेपर्यंत मी ती गोष्ट कुठे बोलले नाही. तू गेलीस आणि वर्षाच्या आत मी ती पहिल्यांदा माइकवरून सांगितली. माझ्या त्या गोष्टीत तू साडी नेसलेली आहेस, कपाळावर ठसठशीत कुंकू आहे, आपण वेळेवर पोचलो आहोत. मी आवाज खाली आणते आणि म्हणते, "तिने माझ्या आईच्या साडीकडे पाहिलं, आणि जागा भरली आहे म्हणाली." बायका डोळे पुसतात. मग मी आवाज चढवते, आणि त्या उठून उभ्या राहतात. किती मुलींनी येऊन सांगितलं की त्या दिवसापासून त्यांनी आपल्या आयांना परीक्षेला बसवलं, गाडी शिकवली. या खोट्यातून चांगलं निघालं, असं मी स्वतःला सांगत आले. त्या बाईला मात्र मी इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, जिने आपल्याला आत बोलावून खुर्ची दिली तिला, दार लावणारी करून टाकलं.

उद्या सकाळी न्यू जर्सीतच, पिस्कॅटवेला, बायकांचा मेळावा आहे. आयोजक मुलगी फोनवर म्हणाली, "मावशी, तुमच्या आईची ती हॉस्पिटलची गोष्ट हवीच हं. त्याशिवाय मजा नाही यार!" मी सांगते म्हणाले. तेव्हापासून सुचत नाही. खरी गोष्ट सांगून आपलं गाऱ्हाणं लंगडं पडत नाही, हे मला कळतं. सहा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला आयुष्यात एकदाच एक सकाळ मिळावी, आणि ती एका तासाने चुकली तर दुसरी कुठे शोधायची हे तिला सांगणारं कुणी नसावं, हा अन्याय नाही तर काय आहे? ज्यांना दहा सकाळी मिळतात त्यांची एखादी चुकली तरी बिघडत नाही. हे मी पोटतिडकीने मांडू शकते. पण मी मला ओळखते. सभागृह शांत झालं, पहिल्या रांगेतली बाई पुढे झुकली, की माझी जीभ सवयीच्या वाटेने निघते.

या पत्राला पाकीट नाही, ते जाणार कुठे. तरी एक गोष्ट राहिली. पुऱ्या खाताना मी तुला आजींचं सांगितलं, तेव्हा तुला वाटलं असेल की मला ते तिथेच आठवलं. तसं नव्हतं. भिंतीवरचं ते घड्याळ पाहिलं त्याच क्षणी आठवलं होतं. माझं इंग्रजी तुझ्याहून चांगलं होतं. "माझ्या आईची चूक नाही, माझी आहे, तिला एक संधी द्या," एवढंच त्या बाईला म्हणायचं होतं. शब्द दिलेला असला तरी ती ऐकून घेणारी बाई होती. तू माय मिस्टेक म्हणालीस आणि मी, आज कुणी गप्प बस म्हटलं तरी न बसणारी, माझ्या बुटांकडे बघत उभी राहिले.

आई, उद्या अकराच्या सुमाराला मी साडीच्या त्या वाक्यापाशी येईन. तिथे मला थांबव.