सिंगापुरात ‘या जेवायला’

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
मु. पो. उचगाव, कोल्हापूर

आमचे एकुलते एक, त्यामुळे निवड न करता लाडके झालेले मेहुणे मल्लेशराव यांस चनबसाप्पाचा शरणु शरणार्थी.

गुडघा कसा आहे? तेल चोळताय की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपताय? निपाणीत दुकान कसं चाललंय, आणि वहिनींचा राग (आम्ही सिंगापूरहून नुसती चॉकलेटं आणली म्हणून आलेला) कितपत उतरलाय, हेही कळवा. आम्ही इकडे मजेत. हातात मोबाइल असताना हा माणूस पोस्टाचं पाकीट का पाठवतोय, असं तुम्हाला वाटेल. माझा मोबाइल माझ्यापेक्षा तुमची अक्काच जास्त वाचते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सिंगापूरच्या हॉटेलाबद्दल मी फोनवर ‘झकास होतं’ एवढंच बोललो होतो. आता सविस्तर ऐका. आमचे जावई रुद्रेश यांच्याकडे बँकेचं एक काळं कार्ड आहे. ते दाखवलं की तिथल्या एका बड्या हॉटेलात दोघांना जेवण फुकट. मला आधी हे पटेना. आमची पतसंस्था वर्षातून एकदा सभेला चहा-बिस्किट देते, तेही जरा उशीर झाला की बिस्किटं संपलेली असतात, आणि ही बँक म्हणे जेवायला घालते! पण दानेश्वरीने हट्टच धरला. “अप्पा, तुम्ही आणि आई दोघंच जायचं. तिथं वाढायला माणसं हायत, आईला उठायचं कामच न्हाय. तुमच्याबरोबर बसून आई जेवत्याय असा एक फोटो मला पायजे.” तुम्हाला ठाऊकच आहे, लग्न झाल्यापासून मी ताटावर आणि बसव्वा तव्यापाशी. सगळ्यांचं झाल्यावर ती मागाहून काय जेवते, हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. पोरीचं म्हणणं मला एकदम लागलं. म्हटलं, फोटो तर काढायचाच.

हॉटेल इतकं उंचावर की खाली बघितलं तर आपलीच भूक पळावी. बसव्वा इरकली नेसून, पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन (पुडीशिवाय ती पन्हाळ्यालाही जात नाही) ताठ बसली होती. आम्ही शाकाहारी, हे पोरीने आधीच कळवलं होतं. पहिलं ताट आलं. ताट आपल्या परातीएवढं आणि मधोमध एका अळंबीचे चार तुकडे, त्यावर एक पान. मल्लेशराव, आपल्या ताटात लिंबाची फोड यापेक्षा ऐसपैस बसते! वाढणाऱ्याने त्या अळंबीची माहिती इतका वेळ सांगितली, की तेवढ्यात आपल्याकडे एक पंगत उठते. पण बसव्वा बसली होती. तिने चमचा उचलला होता. मी मोबाइल बाहेर काढला.

आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोने आमच्याकडे बघितलं.

आता माझी सवय तुम्ही जाणताच. दुकानात डबा उघडला आणि समोरून कुणीही गेलं, ओळखीचं असो नसो, की माझ्या तोंडून ‘या जेवायला’ आपोआप निघतं. समोरच्याने ‘होऊ द्या, होऊ द्या’ म्हणायचं आणि पुढे जायचं. मोटारी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण आजवर एकही माणूस खरोखर जेवायला आलेला नाही. त्याच भरवशावर मी हसून म्हटलं, “कम, कम, ईट!” म्हातारबुवांनी रुमालाने तोंड पुसलं, बायकोची खुर्ची सरकवली, आणि दोघं येऊन आमच्या टेबलाशी उभे!

झालं. बसव्वाने चमचा खाली ठेवला. “अगं बाई, पावणं आलं की ओ!” म्हणत ती उठली ती उठलीच. वाढणाऱ्याच्या हातातलं भांडं तिने काढून घेतलं. तो बिचारा ‘मॅडम, मॅडम’ करतोय आणि ही त्याला म्हणते, “तू बस रं जरा, दमला असशील.” चारही तुकडे तिने आम्हा तिघांतच वाटले, म्हणजे स्वतःचा तुकडाही वाढून टाकला, असं मी नंतर मोजलं. मग पुडी सुटली. पाहुण्यांनी चटणी अळंबीवर घेतली, सूपमध्ये घेतली, शेवटी आइस्क्रीमवरसुद्धा घेतली. म्हातारबुवांचं नाव टॅन, छापखान्यातून निवृत्त. मध्येच मॅनेजर आला. कार्ड दोघांचं, टेबलावर चौघं, हे कसं? मला घाम फुटला. तर टॅनसाहेबांनी खिशातून तसलंच काळं कार्ड काढलं. त्यांच्या पोराने दिलेलं! म्हणजे चौघेही फुकटेच. मॅनेजर इतका हसला की त्याने स्वतः टेबलं जोडून दिली.

जेवण फार मजेत झालं, खोटं कशाला बोलू? फोटोही मॅनेजरनेच काढून दिला. त्यात मी बसलोय, टॅन बसलेत, त्यांची बायको बसलीय, आणि मागे तुमची अक्का हातात भांडं घेऊन उभी, तोंडभर हसत. दानेश्वरीने तो फोटो बघितला आणि चहा टाकायला गेली. त्या वेळी मला फार वाईट वाटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

निघताना मी सवयीप्रमाणे “या एकदा कोल्हापूरला” असंही म्हणून बसलो होतो. (इथून पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.) पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी ते जेवायला येतायत. तिकिटं काढली.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या लहानथोरांना नावानिशी विचारल्याचं सांगा.

आपला,
चनबसाप्पा

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. त्या रविवारी तुम्ही सकाळीच या. स्वयंपाक तुम्ही-आम्ही करायचा, वाढायचंही आपणच, आणि बसव्वाला पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसवायचं. तुम्हाला भाकरी थापता येते, हे वहिनींनी मला सांगितलेलं आहे, तेव्हा नाही म्हणू नका. फक्त तिला पत्ता लागू देऊ नका, नाहीतर आदल्या दिवशीच सगळं करून झाकून ठेवेल.

आणखी एक ता. क. : तम्मा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं. समदं वाचलं. तू ये. मी कशालाबी हात लावणार न्हाय, नुसती बसणार हाय. फकस्त ह्यांना आधी सांगून ठेव, मी ‘पुरे’ म्हटलं तरी वाढायचं. पुरे म्हंजे पुरे नसतंय.
— अक्का