भाताचा कुकर आणि माझा गुडघा

शनिवार संध्याकाळ, डब्लिनजवळचं हॉटेल

लेटरकेनीहून चार तास गाडीत बसून आलो ते स्की शिकायला, आणि मंदार म्हणतो, "आई, तू रूमवरच थांब. तुझा गुडघा दुखतो. भाताचा कुकर तेवढा लाव." म्हणजे मुलगा-सून टेकडीवर घसरणार आणि मी या स्वस्तातल्या खोलीत कुकर राखत बसणार? बॅगेत सगळ्यात आधी तो कुकर गेला, तेव्हाच कळायला हवं होतं मला.

ते गेले, मागोमाग मीही गेले. बर्फ कुठला! उतारावर प्लॅस्टिकच्या, ब्रशासारख्या चटया, त्यांवरूनच घसरायचं. ते बूट म्हणजे पायाला पाटे बांधल्यासारखे. चौथीपर्यंतच शिकले म्हणून काय झालं, घसरायला शाळा लागते होय? तीनदा पडले. सून केतकी ओरडली, "अहो आई, पुरे!" पुरे का म्हणून? गुडघा माझा आहे. चौथ्यांदा खालपर्यंत उभी आले. शिकवणाऱ्या पोरीने टाळ्या वाजवल्या.

आत्ता मंदारने विचारलं, "आई, भात नाही लावलास?"

खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर पाय ठेवून म्हटलं, "तांदूळ पिशवीत आहेत, दोन वाट्या घे. आणि लवकर वाढ, सकाळी दहाला माझा क्लास आहे."